टाकलेलं कुठे जातं?

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक २२

जुनी वस्त्रं टाकून माणूस नवी घालतो, तसा आत्मा जीर्ण देह सोडून नवा घेतो, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. हा श्लोक मला परवा शहागडला पंक्चरच्या दुकानात आठवला.

काकांच्या रिक्षाचं मागचं एक टायर पार गुळगुळीत झालेलं. मी म्हटलं, "काका, एकच बदला, पैसे वाचतील."

"मागची जोडीनंच बदलायची, बाळा."

बरोबरच होतं. इंजिनची ताकद मागच्या दोन्ही चाकांना जाते. एक नवं, एक झिजलेलं असेल तर सरळ रस्त्यावरही ती कमीजास्त फिरतात आणि डिफरन्शियलचे गिअर उगाच झिजतात.

दोन्ही नवी बसली. त्यातल्या त्यात बरं जुनं टायर स्टेपनीला ठेवलं. तेवढ्यात एक जण म्हणाला, "ते गुळगुळीत मला द्या, दोनशे देतो. शाळेच्या पोरांच्या रिक्षाला लावतो."

काकांनी चाकू मागितला आणि टायरला बाजूनं चीर दिली. "मला नको ते दुसऱ्याच्या लेकरांखाली कसं देऊ?"

मी गप्प. गेल्या महिन्यात मी एक मोड्यूल ज्युनिअरकडे सोपवलं. त्यातला बग मला माहीत होता. हँडओव्हर झाला, सुटलो, असं वाटलं होतं.

आत्म्याला जुन्या देहाचं ओझं नसेल. पण आपण टाकलेल्याचं ओझं कुणावर तरी पडतंच. त्याचा विचार केला तर तो त्याग, नाहीतर नुसती सुटका.

आज ज्युनिअरला फोन केला. तुम्हाला कुणाला करायचाय?