फी भरणाऱ्याचा हक्क

बारावीचा निकाल लागला म्हणजे आमच्या ओसरीवर आईबापांची ये-जा सुरू होते. कोणी गुणपत्रिका दाखविण्यास येतो, कोणी शिफारसपत्र मागण्यास, आणि बहुतेक सारे एकच प्रश्न घेऊन येतात: आतां याला कोठें घालावें? प्रश्नाची ही भाषाच प्रथम लक्षांत घेण्याजोगी आहे. पोत्यांत दाणे घालावे तसें मुलास कॉलेजांत घालावयाचें आणि तोंड शिवावयाचें. ज्याला घालावयाचें तो बहुधा बापाच्या मागें, खांबास टेकून, खालीं पाहत उभा असतो.

कांहीं वर्षांपूर्वीं असाच एक गृहस्थ आला. मंडळींतलाच, जमीन तीन एकर, तीहि कोरडवाहू. मुलास बरे गुण पडले होते. बापानें ठरविलें होतें कीं, वीस गुंठे विकावे आणि मुलास पुण्यास संगणक अभियांत्रिकीस पाठवावें. मुलाच्या मनांत शेतकीची पदवी घ्यावी असें होतें. राहुरीचें कृषि विद्यापीठ त्यानें शाळेच्या सहलींत पाहिलें होतें. हें निघतांच बापाचा आवाज चढला. "जन्मभर मी मातींत राबलों, तें काय तूं पुन्हा मातींतच जावेंस म्हणून?" मीं त्या मुलास आईबापांचा मान राखण्याची आज्ञा ऐकविली, प्रार्थना केली, आणि दोघांस वाटेस लाविलें. सगळें मिळून वीस मिनिटें लागलीं असतील. मुलगा पुण्यास गेला. दुसऱ्या वर्षीं तो चार विषयांत नापास झाला, आणि हें त्यानें आठ महिने घरीं कळूं दिलें नाहीं. त्या आठ महिन्यांत बाप दरमहा पैसे पाठवीत होता आणि उपासना सुटल्यावर चारचौघांत मुलाविषयीं अभिमानानें बोलत होता. माझ्या त्या वीस मिनिटांचा हिशेब मला अजून देतां आलेला नाहीं, म्हणून हा लेख.

मूळ प्रश्न असा आहे: जो फी भरतो, त्यास निवडण्याचा हक्क पोंचतो काय?

पोंचत नाहीं, असें झटकन् म्हणूं नये. ते वीस गुंठे एकट्या थोरल्या मुलाचे नसतात. त्यांत धाकट्या बहिणीचें शिक्षण असतें, आईचें आजारपण असतें, दोन दुष्काळांचा आधार असतो. म्हणून "इतकें देतां येईल, याहून अधिक नाहीं" असें म्हणण्याचा बापास पुरा हक्क आहे. किंबहुना तें त्याचें कर्तव्यच आहे. परंतु "मला परवडत नाहीं" हें एक वाक्य, आणि "मला आवडत नाहीं" हें दुसरें. आमच्या घरांत हीं दोन वाक्यें एकमेकांचीं वस्त्रें नेसून फिरतात. ज्यास मुलीचें दूर जाणें आवडत नाहीं, तो "परवडत नाहीं" म्हणतो. ज्यास खरोखरच परवडत नाहीं, तो लाजेनें "तुझ्या मर्जीप्रमाणें कर" म्हणतो आणि दुसऱ्या दिवशीं पतसंस्थेच्या पायऱ्या चढतो. त्या दुसऱ्याचें औदार्य पाहून आपण त्यास चांगला बाप म्हणतों. पण न सांगितलेलें कर्ज पुढें केव्हां तरी शब्दांनीं वसूल होतें, आणि "तुझ्यासाठीं काय काय केलें" या वाक्याचें व्याज कोणत्याहि मुलास फेडतां येत नाहीं.

पैशाच्या सबबीची परीक्षा नुकतीच एकदां झाली. महाराष्ट्र सरकारनें २०२४-२५ या वर्षापासून, ज्यांच्या घरचें वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे अशा इतर मागासवर्गीय, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींची, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी व परीक्षा फी पूर्ण माफ केली. प्रवेश मात्र सरकारी प्रवेशप्रक्रियेंतून घेतलेला पाहिजे. वसतिगृह, खानावळ व प्रवास यांचा खर्च राहिलाच, हें खरें. तरीहि माझ्या ओळखीच्या कित्येक घरांत थोरल्यास पुणें आणि धाकटीस तालुक्याचें गांव ही वांटणी जशीच्या तशी राहिली. मग आजवर जी अडचण सांगितली जात होती, ती पैशाचीच होती काय?

देणाऱ्यानें अट घालावी कीं नाहीं, याचा विचार करतांना मला आनंदीबाई जोशी यांची कथा आठवते. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ती ठाऊक असेल, तरी तिची एक बाजू क्वचितच सांगितली जाते. पति गोपाळराव यांनीं, पत्नीस अमेरिकेंत शिकतां यावें म्हणून, रॉयल वाइल्डर या मिशनरी गृहस्थांस पत्र लिहून मदत मागितली. मदत मिळेल, पण तुम्हीं ख्रिस्ती व्हावें, असें उत्तर आलें. जोशी पतिपत्नींनीं ती अट नाकारली. हा पत्रव्यवहार छापला गेला, आणि तो वाचून न्यू जर्सींतील रोझेल गांवच्या श्रीमती कार्पेंटर यांनीं कसलीहि अट न घालतां आनंदीबाईंस हात दिला. आमच्याच लोकांची ही गोष्ट आमच्याच पत्रांत लिहितांना संकोच होतो. पण बापास उपदेश करावयाचा तर आधीं आपली अट आठवावी हें बरें.

त्या कथेची दुसरी बाजूहि आहे. गोपाळराव स्वतःच अट घालणारे होते. अभ्यास टाकून स्वयंपाकांत रमल्याबद्दल त्यांनीं या बालवधूस मारल्याचें चरित्रांत नमूद आहे. आनंदीबाईंनीं शिकावें हा हट्ट आधीं त्यांचा होता, तिचा नव्हता. मग तो तिचा केव्हां झाला? चौदाव्या वर्षीं तिला मूल झालें आणि तें दहा दिवसांत गेलें. स्त्रियांस स्त्री वैद्याची गरज किती आहे, हें तिला कोणी पढविलेलें नव्हतें. तें तिच्या मांडीवर घडलें होतें. १८८३ च्या फेब्रुवारींत श्रीरामपूर येथील कॉलेजच्या दिवाणखान्यांत (बंगालचें श्रीरामपूर, आमच्या जिल्ह्यांतलें नव्हे) ती उभी राहिली आणि आपण अमेरिकेस कां जातों तें तिनें लोकांस स्वतःच्या तोंडानें सांगितलें. त्याच वर्षीं ती पतीवांचून जहाजावर चढली, १८८६ सालीं पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी तिनें मिळविली, आणि १८८७ सालीं, बावीस वर्षेंहि पुरीं होण्यापूर्वीं, ती क्षयानें वारली.

यावरून मला असें वाटतें कीं, निवड प्रथम कोणाच्या मनांत आली यास फारसें महत्त्व नाहीं. बापानें सुचविलेलें कॉलेजहि मुलाचें होऊं शकतें. पण तें झालें कीं नाहीं याची खूण एकच आहे: आपण तेथें कां जातों, हें त्यास चार माणसांपुढें स्वतःच्या शब्दांत सांगतां येतें काय? आमच्या ओसरीवरील मुलास मीं तें विचारलेंच नव्हतें.

हल्लीं दुसऱ्या टोंकाचा उपदेशहि पुष्कळ ऐकूं येतो: मुलाची आवड असेल तेंच करूं द्यावें. यांतहि मला अडचण दिसते. सतरा वर्षांच्या मुलाची आवड ही खोदलेली विहीर नव्हे; पाणी लागेल कीं नाहीं हें अजून कोणास ठाऊक नसतें. "मला आवड आहे" याचा अर्थ कित्येकदां मित्र तेथें जात आहे एवढाच असतो, किंवा शहर मोठें आहे एवढाच. बाप खरें कारण लपवितो तसा मुलगाहि लपवितो. आणि कांहीं दारें तर तोपर्यंत बंदहि झालेलीं असतात. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश साऱ्या राज्यांत ऑनलाइन झाला. तो अर्ज भरतांना मूल पंधरा-सोळा वर्षांचें असतें, आणि त्या वेळीं जीवशास्त्र सोडलें तर पुढें वैद्यकाचा विचार बहुधा तेथेंच संपतो. म्हणजे जी चर्चा आम्ही बारावीच्या निकालानंतर करतों, ती दोन वर्षें उशिरां करतों.

असो. तें पुण्याचें प्रकरण उघडकीस आल्यावर मी त्या मुलास भेटावयास गेलों. अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेशांत कॉलेजांचा पसंतीक्रम भरून द्यावा लागतो, आणि पहिल्या फेरींत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावी लागते, नाहींतर पुढच्या फेऱ्यांस मुकावें लागतें. इतकें वजन त्या पहिल्या नांवास असतें. म्हणून मीं विचारलें, "बाळा, यादींत हें कॉलेज पहिलें कोणीं घातलें? तूं कीं बाबांनीं?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पाळकसाहेब, कॅफेवाल्यानें. बाबा म्हणाले, तुम्हांलाच जास्त कळतें, तुम्हीच टाका."

बाप कॉलेज पाहावयास एकदांहि गेला नव्हता. तेथील दुसऱ्या वर्षाच्या मुलांशीं कोणी बोललें नव्हतें. चार वर्षांची एकूण फी किती, शिष्यवृत्ती केव्हां हातीं येते, खोलीचें भाडें काय, हें कोणी कागदावर मांडलें नव्हतें. बैल घेतांना हाच मनुष्य तीन बाजार पालथे घालतो आणि दांत मोजल्यावांचून पैसे काढीत नाहीं. येथें मात्र वीस गुंठे गेले, आणि बाप, मुलगा व पाळक या तिघांपैकीं निवड कोणींच केली नव्हती. मुलाच्या आयुष्यावर बापानें आपला हक्क गाजविला, असें मी मनांत धरून बसलों होतों. तो हक्क त्यानें गाजविलाहि नव्हता. कॅफेच्या खुर्चीवर बसलेल्या एका परक्या पोरास तो देऊन टाकिला होता.

मुलगा पुढें परत आला. सध्यां तो तालुक्यास एका खतांच्या दुकानांत काम करतो आणि राहिलेले विषय सोडवितो.

यंदा त्याची धाकटी बहीण बारावीस आहे. गेल्या महिन्यांत बापानें मला घरीं बोलाविलें. मी जाऊन बसलों. या खेपेस बोलावयाचें नाहीं असें मीं ठरविलें होतें, आणि सवय नसल्यामुळें तें जड गेलें. बापानें मुलीस विचारलें, "तुला काय करावयाचें आहे?" ती म्हणाली, "बाबा, आधीं तुमच्याजवळ किती आहेत तें सांगा. मग मी सांगतें." आई स्वयंपाकघराच्या दारांत थबकली. बाप कांहीं वेळ जमिनीकडे पाहत राहिला. नंतर उठला, आंत गेला, आणि पतसंस्थेचें पासबुक व सात-बाऱ्याचा उतारा घेऊन बाहेर आला.