खर्च कोणाचा, हुकूम कोणाचा?

राज्य शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळा पाच किंवा दहा वर्षांसाठी देणगीदारांना दत्तक देण्याची योजना आणली आणि शाळेला देणगीदाराच्या पसंतीचे नाव जोडण्याची मुभाही दिली, तेव्हा एका पक्षाने खासगीकरणाची हाकाटी केली, तर स्वतःला व्यवहारी म्हणवणाऱ्या दुसऱ्या पक्षाने महापालिकांना शाळा झेपतच नाहीत, मग उद्योगांचा पैसा आला तर बिघडले कुठे, असा सवाल टाकला. या दुसऱ्या पक्षाचा समाचार घेणे अधिक गरजेचे आहे, कारण शाळा का झेपत नाहीत हा प्रश्न त्याने सोयिस्करपणे वगळला आहे.

पुण्याचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. महापालिका अधिनियमाने प्राथमिक शाळा चालवणे हे शहराचे बंधनकारक कर्तव्य ठरवले. पण पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत प्राथमिक व माध्यमिक शाळांचा स्पष्ट उल्लेख असताना, ७४व्या घटनादुरुस्तीने आलेल्या शहरांच्या बाराव्या अनुसूचीत शैक्षणिक बाबींना केवळ चालना देण्याचे काम आले. १९६२च्या कायद्यानुसार शिक्षण उपकर महापालिकाच गोळा करते, मात्र तो राज्याच्या तिजोरीत जमा होतो. जकात २०१३ मध्ये गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही टिकला नाही, आणि आता शहर राज्याकडून येणाऱ्या भरपाईच्या हप्त्यांची वाट पाहते. पदे संचमान्यतेने, म्हणजे पटावरून शिक्षकसंख्या ठरवण्याच्या शासकीय पद्धतीने ठरतात आणि भरती राज्याच्या ‘पवित्र’ पोर्टलवरून होते. तेव्हा पैसा आणि अधिकार दोन्ही शहराच्या हाती द्यावेत, हा विकेंद्रीकरणवाद्यांचा उपाय उघड आणि निर्विवाद वाटतो. परंतु नेमक्या याच वळणावर पुण्याचाच एक माणूस वाट अडवून उभा आहे.

जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगाला दिलेले निवेदन बारा वर्षांपर्यंतच्या सक्तीच्या शिक्षणासाठी भाषणांतून आठवले जाते, पण त्यातील जमाखर्चाचा भाग वक्ते सहसा ओलांडून जातात. महसूल रयतेच्या घामातून यावा आणि तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर उधळावा, ही त्यांची मूळ तक्रार होती. वरच्यांना शिकवले की ज्ञान आपोआप खाली झिरपते, या सिद्धांताची त्यांनी तेथे झाडाझडती घेतली. स्थानिक उपकराचा निम्मा भाग केवळ प्राथमिक शिक्षणासाठी राखावा आणि मोठ्या शहरांतील नगरपालिकांनी आपल्या हद्दीतील प्राथमिक शाळांचा सगळा खर्च उचलावा, अशी त्यांची मागणी होती; मात्र या शाळांचा कारभार पूर्णपणे नगरपालिकांच्या हाती सोपवू नये, त्यावर शिक्षण खात्याची देखरेख असावी, असेही त्यांनी बजावले. पाटील, इनामदार आणि सरदार यांनी भरलेल्या स्थानिक समित्यांना या निधीवर समंजस नियंत्रण ठेवता येईल, यावर त्यांचा विश्वास नव्हता. ज्या वर्षी व्हाइसरॉय लॉर्ड रिपनच्या स्थानिक स्वराज्याच्या ठरावाचे कौतुक चालले होते, त्याच वर्षी, स्वतः पुणे नगरपालिकेचा सभासद राहिलेला माणूस हे सांगत होता, त्यामुळे हा आक्षेप अज्ञानातून आला असे म्हणण्याची सोय उरत नाही.

हा आक्षेप खरा ठरायला चार दशकेही लागली नाहीत. गोपाळ कृष्ण गोखले यांचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले आणि १९१८च्या कायद्याने नगरपालिकांना सक्ती लागू करण्याचा ऐच्छिक अधिकार मिळाला. त्यानंतर १९२० मध्ये, जेथे फुल्यांनी १८४८ साली मुलींची शाळा उघडली होती त्याच पुण्यात, पैसा अपुरा आहे म्हणून सक्ती आधी मुलग्यांपुरती ठेवावी, हा युक्तिवाद मातब्बरांनी केला, आणि त्याविरुद्ध रमाबाई रानडे यांना स्त्रियांचा मोर्चा काढावा लागला. तिजोरी स्थानिक असली म्हणजे न्यायही स्थानिक पातळीवर आपोआप होतो, ही समजूत तेथेच निकालात निघते.

म्हणून विकेंद्रीकरणाची बाजू सोडून खात्याच्या आश्रयाला जावे काय? तोही मार्ग पुण्याने पाहिला आहे. महापालिकेचे शिक्षण मंडळ २०१७ मध्ये संपले, शाळा थेट प्रशासनाकडे आल्या, आणि मार्च २०२२ नंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ प्रश्न विचारायला लोकनियुक्त सभागृहही नव्हते. फुल्यांच्या सूचनेचे मर्म खात्यावरील भक्तीत नसून खर्च टाळता न येण्याच्या बंधनात आहे. प्रत्येक मुलामागचा किमान खर्च कायद्याने बांधलेला असावा, त्यात कपात करण्याची मुभा शहराला किंवा राज्याला असू नये, आणि त्या मर्यादेवर काय वाढवायचे याचे स्वातंत्र्य शहराला असावे. देखरेखीसाठी नवे मंडळ नेमण्याचीही गरज नाही: शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ने तीन-चतुर्थांश पालकांची शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे आणि कलम २२ने तिचा विकास आराखडा अनुदानाचा आधार ठरवला आहे. तो आराखडा फायलीत न ठेवता महापालिकेचे शिक्षणाचे अंदाजपत्रक त्यावरून बांधले, तर अधिकार नगरसेवक आणि आयुक्त या दोघांच्याही खाली, जेथे मूल शिकते तेथे पोचेल.

दत्तक योजना नेमकी याच्या उलट चालते. फुल्यांनी शहरावर खर्चाची सक्ती मागितली आणि कारभारावर अंकुश ठेवला. येथे खर्च देणाऱ्याच्या मर्जीवर आणि मुदतीवर सोडला आहे, वर फलकावर नाव लावण्याची हमी आहे. ज्या नागरिकाच्या मिळकतकराच्या बिलात दरवर्षी शिक्षणाच्या नावाने रक्कम लागते, त्याला ती कोणत्या शाळेपर्यंत पोचली हे सांगणे शासनावर बंधनकारक व्हावे; तो हिशेब मांडल्याशिवाय देणगीदारांपुढे हात पसरण्याचा नैतिक अधिकार शासनाला नाही.