निर्दोष सुटल्यावरही

2009 मध्ये भारतीय वंशाचा एक अमेरिकी नागरिक भारतात आला असताना त्याच्यावर अमली पदार्थविरोधी कायद्याखाली खटला भरला गेला. 2011 मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले आणि 2013 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. अमेरिकेत परतून त्याने कायद्याचे शिक्षण घेतले, गुणही चांगले मिळवले, पण नोकरी काही मिळेना. गूगलवर त्याचे नाव टाकले की खटला समोर येई. त्याने पुन्हा त्याच उच्च न्यायालयात धाव घेतली. निकाल शोधात दिसू नये, अशी तजवीज करण्याचा अंतरिम आदेश न्यायालयाने एप्रिल 2021 मध्ये गूगलला आणि ‘इंडियन कानून’ या संकेतस्थळाला दिला.

वरवर हा तंत्रज्ञानाचा कज्जा वाटतो. पण त्याच्या मुळाशी धर्मविचारातला फार जुना प्रश्न आहे. माणूस आणि त्याचे कर्म यांची फारकत होऊ शकते का? होत असेल तर ती कोणी करायची?

कर्मसिद्धांत कितीही कठोर असला, तरी त्यात भोग संपतो. प्रारब्ध भोगून सरते. धर्मशास्त्राने तर माणसाला परत घेण्याचा रीतसर विधीच सांगितला आहे. मनुस्मृतीत आणि याज्ञवल्क्यस्मृतीत तो येतो. महापातक्याला वाळीत टाकायचे असेल तेव्हा भाऊबंद गावाबाहेर जमत आणि तो जिवंत असतानाच, मेलेल्यासाठी करावे तसे, दासीकडून पाण्याने भरलेली घागर लाथेने उपडी करवत. त्यानंतर त्याच्याशी बोलणे, बसणे-उठणे, वारशाचा वाटा, सगळे बंद. मात्र प्रायश्चित्त घेऊन तो परतला, की तेच भाऊबंद त्याच्यासोबत पवित्र जलाशयात स्नान करत आणि नवी भरलेली घागर पाण्यात सोडत. तिथून पुढे त्याला हिणवायचे नाही, पूर्वीसारखे वागवायचे. मनुस्मृती याला अपवादही सांगते: बालहत्या, स्त्रीहत्या, शरणागताची हत्या करणारा आणि कृतघ्न. त्यांनी प्रायश्चित्त घेतले तरी त्यांच्याशी व्यवहार नको.

या ग्रंथांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्यांतली प्रायश्चित्ते वर्ण पाहून ठरत, आणि बहिष्काराच्या हत्याराने जातपंचायतींनी किती संसार मोडले हे महाराष्ट्राला चांगले ठाऊक आहे. म्हणूनच 2016 मध्ये राज्याला सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. तरीही त्या विधीतली एक गोष्ट मोलाची आहे. माणसाला बाहेर काढले ते चारचौघांत, म्हणून परत घ्यायचे तेही चारचौघांतच. समाजमाध्यमांवर पहिली घागर रोज लवंडते. दुसरी भरून आणण्याची जबाबदारी मात्र कोणावरच नाही.

ही जबाबदारी कायद्याने उचलावी, असे युरोपने आधी म्हटले. मारिओ कोस्तेखा गोन्सालेस या स्पॅनिश गृहस्थाच्या घराच्या लिलावाची जाहिरात 1998 मध्ये ‘ला व्हँग्वार्डिया’ या वृत्तपत्रात आली होती. सामाजिक सुरक्षेची थकबाकी वसूल करण्यासाठी तो लिलाव होता. प्रकरण मिटून बरीच वर्षे झाली, तरी त्याच्या नावाने शोधले की गूगल ती जाहिरात दाखवी. 13 मे 2014 रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की, त्याच्या नावाने केलेल्या शोधातून तो दुवा काढावा. वृत्तपत्रातला मजकूर मात्र जागच्या जागी राहिला. जर्मनीच्या संघराज्य घटना न्यायालयाने नोव्हेंबर 2019 मध्ये याहून अवघड प्रसंग हाताळला. 1982 मध्ये खुनाबद्दल जन्मठेप झालेला माणूस 2002 मध्ये सुटला होता, आणि ‘डेर श्पीगेल’च्या ऑनलाइन संग्रहातले जुने लेख त्याच्या नावाने सहज सापडत होते. इथे गुन्हा सिद्ध झालेला होता, बातमी खरी होती. तरीही काळ लोटल्याने नावाचा आणि बातमीचा संबंध सैल करण्याचा विचार झाला पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. दोन्ही निकालांत इतिहास पुसला गेला नाही. नावाला चिकटलेली वाट तेवढी बंद करायची, इतकाच त्यांचा आशय.

भारतात अजून सूर जुळलेला नाही. ऑगस्ट 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पुढे बलात्काराच्या आरोपातून सुटलेल्या एका माणसाचे नाव निकालातून झाकावे, असा आदेश 2024 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत त्याला स्थगिती दिली. न्यायालयाचे निकाल सार्वजनिक असतात; ते दडवायला लागलो तर न्याय उघड्यावर होतो असे कोण म्हणेल? हा आक्षेप वजनदार आहे. सत्ता हाती असलेल्यांना हा विसरले जाण्याचा हक्क सरसकट मिळाला, तर त्याचा उपयोग ते घोटाळे गाडण्यासाठीच करतील.

पण सगळ्यांना एकाच तराजूत तोलणे हीच खरी चूक आहे. 2020 मध्ये ओडिशा उच्च न्यायालयासमोर आलेल्या प्रकरणात आरोपीने एका तरुणीची खासगी दृश्ये फेसबुकवर टाकली होती. न्यायालयाने जामीन नाकारला आणि पीडितेच्या विसरले जाण्याच्या हक्काची गरज बोलून दाखवली. तिने काहीच केलेले नाही, त्यामुळे प्रायश्चित्ताचा प्रश्नच येत नाही. तिच्या बाबतीत मजकूर मुळापासून नष्टच व्हायला हवा. शिक्षा भोगून आलेल्याची गोष्ट निराळी. वाल्या कोळी वाटमारी करत होता हे महाराष्ट्रातल्या पोराटोरांनाही माहीत आहे, पण ती कथा वाटमारीपाशी थांबवून कोणी सांगत नाही. शोधयंत्र थांबते ते नेमके तिथेच.

या अर्धवट स्मृतीचे सर्वांत क्रूर उदाहरण पारध्यांचे आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले. 1952 मध्ये तो कायदा गेला, तरी पोलीस ठाण्याची आठवण गेली नाही. चोरी झाली की आधी पारध्याच्या पालावर धाड. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितला. वहीतला रकाना खोडता येतो. तीच नोंद संगणकात चढली आणि चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेला जोडली गेली, तर ती शोधून खोडणार कोण?

म्हणून हे काम एकेका न्यायमूर्तींच्या सद्‌बुद्धीवर सोडू नये. 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती पुसून मागण्याचा हक्क दिला आहे, पण निर्दोष सुटलेल्याचे नाव निकालात किती काळ दिसावे, याचे उत्तर त्यात नाही. संसदेने ते स्पष्ट लिहावे: निर्दोष सुटलेल्याचे नाव आपोआप झाकले जावे, त्यासाठी त्याला वकील लावावा लागू नये, आणि सार्वजनिक पदावरच्या माणसाला ही सवलत मिळू नये. तोवर एवढे तर वाचकाच्या हातात आहे. भाडेकरू, नोकर किंवा जावई ठरवताना नाव शोधून खटला सापडला, तर निकालाचे शेवटचे पानही उघडून पाहा.