आडवा पहिलवान

पाठ मातीला टेकली की कुस्ती संपली, हे आमच्या मेहुण्यांचं एकमेव तत्त्वज्ञान. गृहस्थ कोल्हापूरचे. उताणा पडलेला माणूस हरला नाही, असं कुणी म्हणालं की त्यांच्या चेहऱ्याचा तांबडा रस्सा होतो.

परवा चिरंजीवांनी मोबाइलवर एक जुनी लढत लावून दिली आणि घराची शांतता गेली. २६ जून १९७६, तोक्योचं बुडोकान सभागृह. एकीकडे मुष्टियुद्धाचा जगज्जेता मुहम्मद अली, दुसरीकडे जपानी कुस्तीगीर अंतोनिओ इनोकी. हल्ली ‘मिक्स्ड मार्शल आर्ट्स’ म्हणून जी हाणामारी चालते, तिचे हे पूर्वज. तीन-तीन मिनिटांच्या पंधरा फेऱ्या! घंटा झाली, इनोकी धावत आला आणि चक्क आडवा झाला. जवळजवळ सगळी लढत तो पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा झाडत होता. अली त्याला ‘ऊठ, ऊठ’ म्हणून डिवचतो, दोर धरून उड्या मारतो, पण खाली काही वाकत नाही. शेवटी बरोबरी. चिडलेल्या प्रेक्षकांनी रिंगणात कचरा फेकला.

“भित्रा लेकाचा!” मेहुणे म्हणाले.

“अहो, पण नियमच असे ठरवले होते की बिचाऱ्याला उभ्यानं लाथ मारायची सोय नव्हती, असं त्याच्या बाजूचं म्हणणं होतं.”

“मग यायचं कशाला?”

“आणि तुमचा जगज्जेता खाली का गेला नाही?”

यावर मेहुणे थोडे अडखळले. खाली जावं तर कुस्तीगिराच्या तावडीत सापडायचं. उठावं तर जगातला सर्वांत महागडा ठोसा खायचा. दोघंही शहाणे, म्हणून दोघंही आपापल्या जागी. शहाणपण कुठं संपतं आणि भित्रेपणा कुठं सुरू होतो, हे तिसऱ्या माणसानं खुर्चीत बसून कसं सांगायचं? (आम्ही सांगतच होतो, ती गोष्ट वेगळी.) शिवाय लोक ज्याला हसले, त्या लाथांनी अलीच्या पायांत रक्ताच्या गाठी झाल्या, इस्पितळ गाठावं लागलं. म्हणजे झोपलेला माणूस लढत होता!

मी हे इतक्या तावातावानं बोललो की स्वयंपाकघरातून आवाज आला, “तुम्ही त्याचीच बाजू घेणार!”

हिचा रोख मला कळला. आमच्या कचेरीत एकदा हरवलेल्या फायलीचं खापर एका गरीब कारकुनावर फुटलं. फाइल कोणत्या साहेबांच्या कपाटात आहे हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. चौकशीच्या दिवशी मी कंबरदुखीची रजा टाकून घरी आडवा झालो. उघड बोलून उपयोग नाही, वेळ पाहून नेम धरायचा, असा माझा डाव होता. कारकुनाची बदली झाली. साहेब यथावकाश निवृत्त झाले, मीही झालो.

“डावच होता तो,” मी मेहुण्यांना म्हणालो. “उभं राहून मार खाण्यापेक्षा—”

मेहुण्यांनी मोबाइल खाली ठेवला. आवाज एकदम मऊ करून त्यांनी विचारलं, “मग दाजी, लाथ कधी मारलीत?”

मी हिला चहा टाकायला सांगितला. तो तिनं आधीच टाकला होता.