‘मित्र’ या शब्दाचे ऋण

शब्द झिजतात, तेव्हा त्यांच्या पोटात असलेली कर्तव्येही झिजतात काय? हा प्रश्न आम्हांस वारंवार पडतो. २००४ साली ‘ऑर्कुट’ व ‘फेसबुक’ ही संकेतस्थळे निघाली आणि पाहता पाहता माणसे मित्र होण्याऐवजी ‘अ‍ॅड’ केली जाऊ लागली. २००९ साली तर ‘अनफ्रेंड’ हे क्रियापद न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन शब्दकोशाने वर्षाचा शब्द म्हणून निवडले. भारतात लोकप्रिय झालेले ऑर्कुट २०१४ च्या सप्टेंबरअखेर बंद पडले. ती बोली मात्र मागे राहिली.

आपल्या भाषेने या नात्याच्या पायऱ्या राखल्या आहेत: ओळखीचा, परिचित, स्नेही, मित्र, जिवलग. प्रत्येक पायरीचा हक्क निराळा, ऋणही निराळे. ओळखीच्या माणसाकडे उसने मागताना जीभ अडखळते. जिवलगापाशी अडचण लपविली तर तोच रागावतो. नवविधा भक्तीतही सख्याचे स्थान आठवे, आत्मनिवेदनाच्या लगत. सख्य हे आरंभी मिळत नाही.

२०१८ साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला: खटल्याशी संबंधित वकील न्यायाधीशाचा फेसबुकवर ‘मित्र’ असेल, तर त्या न्यायाधीशाने बाजूस व्हावे काय? चार विरुद्ध तीन मतांनी निर्णय झाला की, तेवढे कारण पुरेसे नाही. अशा मैत्रीवरून जवळिकीचा बोध होत नाही. कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय आम्हांस योग्यच वाटतो. परंतु ज्या शब्दावरून नात्याविषयी काहीच कळत नाही, त्या शब्दाने ऋण तरी कसे बांधले जावे?

कोणी म्हणेल, याच स्थळांनी दुरावलेले सोबती व परगावी गेलेले आप्त पुन्हा भेटविले. हे उपकार आम्हांस मान्य आहेत. आमची तक्रार भेटीविषयी नाही, नावाविषयी आहे. कोणास मित्र म्हणणे हे एक वचन आहे. वचन दिले याचे भानच नसेल, तर ते मोडल्याची खंत कोठून येणार? शेकडो ‘मित्र’ असलेला माणूस आजारात एकटा पडतो, आणि त्याबद्दल कोणीच स्वतःस दोषी मानीत नाही.

तथापि लोकांच्या बोलण्यात अद्याप विवेक शिल्लक आहे. ‘तो माझा फेसबुकवरचा मित्र’, असे आपण म्हणतो. ते विशेषण लावण्याची गरज जोवर वाटते, तोवर मूळ शब्दाची किंमत आपण विसरलेलो नाही. ते विशेषण गळू न देणे आणि ज्यांना ते लावावे लागत नाही त्यांचे ऋण फेडीत राहणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.