सोंगातले वैर

सोंग घेऊन लढणाऱ्या दोन माणसांमध्ये खरे तर चौघे उभे असतात: दोन सोंगे आणि ती वठवणारी दोन माणसे. वैर असते ते पहिल्या दोघांचे. दुसऱ्या दिवशी एकमेकांना तोंड दाखवायचे असते ते मात्र उरलेल्या दोघांना. सोंगाने केलेला वार नेमका कोणी केला, तो कोणाला लागला आणि त्याचे उत्तरदायित्व कोणाचे, हा प्रश्न कर्माच्या कर्तृत्वाचा आहे, म्हणून तत्त्वज्ञानाचा आहे. ऑनलाइन खेळांमुळे तो आज लाखो तरुणांपुढे रोजच्या व्यवहारात उभा राहतो. या खेळांत एखादे पात्र धारण करून त्याच्यासारखे बोलणे-वागणे याला रोलप्ले म्हणतात आणि खेळाडूने खेळाडूशी लढणे याला पीव्हीपी. दोन्हींचा धर्म वेगळा. सोंगाला गोष्ट पुढे जायला हवी असते, आणि गोष्टीत हरणेही रंगते. सामन्याला निकाल हवा असतो. एकाच पटावर दोन्ही आले की आपण कोणत्या धर्माने वागावे, याचा गोंधळ उडतो.

महाड-पोलादपूरपासून खाली रत्नागिरीपर्यंतच्या कोकणाने हा गोंधळ एका लोककलेत फार पूर्वीच निस्तरला आहे. ती कला म्हणजे शक्तीतुरा. जाखडी किंवा बाल्या नाच या नावांनीही ती ओळखली जाते. मधोमध शाहीर, ढोलकीवाला आणि झांजवाले बसतात. भोवती पायांत चाळ बांधलेले नाचे गोल धरतात. एकमेकांना जखडून घेतात म्हणून जाखडी, अशी या शब्दाची फोड सांगितली जाते. गणपतीच्या दिवसांत गावोगावी हा नाच उभा राहतो. कोकणातला चाकरमानी मुंबईच्या गिरणगावात गेला, तेव्हा नाचही त्याच्याबरोबर गेला आणि परळच्या दामोदर नाट्यगृहासारख्या ठिकाणी त्याचे तिकिटावरचे सामने होऊ लागले.

सामना असतो तो दोन पक्षांचा. तुरेवाल्यांचा पक्ष असा की शिव, पुरुष, निर्गुण ब्रह्म हेच मूळ. शक्ती ही त्याची माया. शक्तीवाले, म्हणजे जुन्या शब्दात कलगीवाले, याच्या उलट सांगतात: हालचाल, रूप, जन्म हे सगळे शक्तीचे, तिच्यावाचून शिव नुसता निश्चल. सांख्यांचे पुरुष-प्रकृती, वेदान्ताचे ब्रह्म-माया, शाक्तांची आदिमाया असे भारतीय तत्त्वचिंतनातले अवघड वाद शेतकऱ्या-कष्टकऱ्यांनी रात्र रात्र जागून ढोलकीवर लढवले, ही महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासातली केवढी मोठी गोष्ट आहे, आणि तिची दखल किती थोडी घेतली गेली आहे. ही परंपरा महाराष्ट्रापुरती नाही. मध्य प्रदेशात आणि राजस्थानात तुर्रा-कलंगी या नावाने ती आहे. तिची उगमकथा तुकनगीर हा गोसावी आणि शाह अली हा फकीर यांच्याशी जोडलेली आहे. चंदेरीच्या राजाने दोघांचा वाद ऐकून एकाला तुरा दिला आणि दुसऱ्याला कलगी, असे ती कथा सांगते. हा इतिहास नव्हे, आख्यायिका आहे. पण तिच्यातली खूण नेमकी आहे. तुरा आणि कलगी ही दोन्ही पागोट्याचीच लेणी, आणि दोन्ही दिली ती एकाच राजाने.

या कलेत पक्ष हे सोंगच आहे. शक्तीवाला शाहीर शक्तीची बाजू घेतो ती बहुधा गुरूकडून आलेली असते. ते व्यक्तिशः तपासून निवडलेले मत नसते. त्याच्या देव्हाऱ्यात शंकर असतोच, तुरेवाल्याच्या गावात ग्रामदेवी असतेच. मांडवात मात्र प्रत्येकाने आपला पक्ष मन लावून, हातचे न राखता लढवायचा. सामना उघडतो तो गणाने. गणात आवाहन ज्या गणपतीचे, तो शिव आणि पार्वती या दोघांचा मुलगा. ज्यांच्यात श्रेष्ठ कोण यावर रात्रभर वाद व्हायचा, त्या दोघांचे एकच लेकरू आधी आसनावर बसवायचे आणि मग लढायला सुरुवात करायची. हा संकेत मुद्दाम योजलेला असो वा नसो, सोंगातल्या लढाईची पहिली मर्यादा त्यात पूर्णपणे आली आहे: लढणाऱ्या दोघांना मान्य असलेले आणि लढाईबाहेर राहणारे असे काही तरी आधी उभे केले पाहिजे.

ज्ञानेश्वरांच्या अमृतानुभवाचे पहिले प्रकरण शिवशक्तिसमावेशनाचे आहे. तिथे शिव आणि शक्ती हे एकमेकांवाचून न राहू शकणारे दांपत्य आहे. दोन म्हणावे तर वेगळे काढता येत नाहीत, एक म्हणावे तर प्रेमाला जागा उरत नाही. शक्तीतुऱ्याच्या वादाला ही भूमी आहे. दोन पक्ष खरोखर वेगळे असते, तर सामन्याचा शेवट एकाच्या नाशात झाला असता. ते मुळात एक आहेत म्हणूनच त्यांना इतके कडकडून भांडता येते. अद्वैत हा इथे निष्कर्ष नाही, लढाईची पूर्वअट आहे.

ही पूर्वअट सुटली की काय होते, हे भरताच्या नाट्यशास्त्राने पहिल्याच अध्यायात सांगितले आहे. इंद्राच्या ध्वजोत्सवात पहिले नाटक झाले. विषय होता देवांनी दैत्यांचा केलेला पराभव. प्रेक्षकांत दैत्यही होते. रंगभूमीवर हरणारे दैत्य हे आपणच, असे त्यांना वाटले, आणि त्यांनी चिथवलेल्या विघ्नांनी नटांची वाणी, हालचाल, स्मरणशक्तीच गोठवली. इंद्र संतापला, ध्वजाचा दांडा उचलून त्याने त्यांना झोडपून काढले. तोच दांडा पुढे जर्जर म्हणून पूजेला लागला. पण मारून प्रश्न सुटला नाही, विघ्ने पुन्हा आली. तेव्हा विश्वकर्म्याकडून नाट्यगृह बांधून घेण्यात आले आणि त्याच्या कोनाकोनावर रक्षक देवता नेमल्या गेल्या. त्यानंतर ब्रह्मदेवाने दैत्यांशी सामोपचाराने बोलणे केले: नाट्य एकट्या देवांचे नाही, एकट्या दैत्यांचे नाही, ते तिन्ही लोकांच्या भावांचे अनुकीर्तन आहे.

जगातल्या कुठल्याही खेळाच्या व्यवस्थापकाला या कथेत आपली तिन्ही साधने सापडतील: शिक्षेचा दांडा, कुंपण असलेली जागा आणि समजावणी. यांतले तिसरे सर्वांत महत्त्वाचे, कारण दैत्यांची तक्रार खोटी नव्हती. दर वेळी हरणारे सोंग एकाच्याच वाट्याला येत असेल, तर ते सोंग राहत नाही. अभिनवगुप्ताने पुढे विवरलेल्या साधारणीकरणाचे मर्म हेच: रंगावरचा क्रोध कोण्या एकाचा, कोणा एकावरचा असा राहत नाही, म्हणूनच त्याचा रौद्र रस होतो. मालकी चिकटली की रस नासतो आणि नुसता राग उरतो.

ऑनलाइन खेळांनी हाच प्रवास अवघ्या काही दशकांत केला. नुसत्या मजकुरावर चालणारा मड हा खेळ १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने सुरू केला आणि रिचर्ड बार्टलने तो पुढे वाढवला. १९९७ मध्ये आलेल्या अल्टिमा ऑनलाइनमध्ये गावाच्या वेशीबाहेर कोणीही कोणालाही मारून लुटू शकत असे. दरोडेखोराचे सोंग रंगवणारे थोडे, आणि सोंगाचे नाव सांगून नवख्यांना छळणारे पुष्कळ, अशी स्थिती झाली. २००० मध्ये चालकांनी त्या जगाच्या दोन प्रती केल्या: फेलुकामध्ये जुनी मोकळीक, ट्रॅमेलमध्ये संमतीवाचून हल्ला नाही. नवखे वाचले. पण ट्रॅमेलच्या रानात आता भीतीही उरली नाही, आणि भीती नसलेल्या रानात वाटसरूचे सोंग तरी काय रंगणार, असे खेळाडू म्हणू लागले. तक्रारीत तथ्य होते. संमती ही एकदा दाबायची कळ नव्हे. शक्तीतुऱ्यात दोन्ही मंडळे सुपारी घेतात ती पूर्ण सामन्याची. पुढचा सवाल कोणता येणार हे त्यांना माहीत नसते. संमती द्यायची ती लढाईच्या जातीला. पुढच्या प्रत्येक घावाला ती वेगळी मागत बसले, तर सामनाच उरत नाही.

रोलप्लेच्या सर्व्हरांवर याहून सूक्ष्म नियम रुळले. ग्रँड थेफ्ट ऑटो या खेळावर चालणाऱ्या रोलप्ले सर्व्हरांमुळे भारतीय तरुणांनाही ते तोंडपाठ झाले आहेत. मेटागेमिंग म्हणजे माणसाला कळलेली गोष्ट सोंगाने वापरणे: मित्राचे थेट प्रक्षेपण पाहून त्याच्या पात्राची लपण्याची जागा हेरायची आणि आपल्या पात्राला ती जणू आपसूक सापडली असे दाखवायचे. शक्तीतुऱ्यातली याची जोडी सहज दिसते. प्रतिस्पर्धी शाहिराच्या घरातले भांडण शेजारधर्माने कळलेले असते. ते टोमणा म्हणून पदात गुंफणे म्हणजे माणसाचे ज्ञान सोंगाच्या हाती देणे. दोन्हीकडे दोष तोच, चौघांची सरमिसळ. तिकिटावरच्या सामन्यांत टाळीसाठी असे वैयक्तिक आणि कधी अश्लील टोमणे वाढले, अशी जाणत्या रसिकांची तक्रार आहे, आणि ती योग्यच आहे. पुराणातला सवाल ज्याला सुचत नाही तो घरादारावर येतो.

पॉवरगेमिंग हा दुसरा दोष. यात एक खेळाडू दुसऱ्याच्या पात्राचे काय झाले तेही स्वतःच ठरवतो. मजकुरातल्या रोलप्लेमध्ये ‘तलवार त्याच्या मानेवर उगारली’ एवढे म्हणण्याचा अधिकार आहे. ‘मान उडवली’ हे म्हणायचे असेल तर ते समोरच्याने. शक्तीतुऱ्यातल्या सवाल-जवाबाची रीत याच न्यायाने चालते. सवाल टाकणाऱ्याला उत्तर स्वतःला ठाऊक असले पाहिजे, पण समोरच्याची पाळी येईपर्यंत त्याने गप्प बसले पाहिजे. प्रतिपक्षाच्या तोंडचा शब्द हिरावून घेतला, तर जिंकायला पुढे कोणी उरतच नाही.

तिसरा नियम तात्त्विक दृष्टीने सर्वांत विलक्षण आहे. न्यू लाइफ रूल या नावाने तो ओळखला जातो: पात्र मारले गेले आणि पुन्हा उभे राहिले, तर मरणापर्यंत नेणाऱ्या घटना त्याने विसरायच्या, मारेकऱ्यावर सूड उगवायला जायचे नाही. भारतीय परंपरेत पुनर्जन्माबरोबर पूर्वस्मृती जाते, कर्माचे फळ मात्र मागे येते. खेळात स्मृती असतेच, ती सोडून देण्याचा संकल्प तेवढा करायचा असतो. माणसाला सगळे आठवत असते आणि सोंगाला काही आठवत नाही, हे दोन्ही एकाच जिवाने एका वेळी सांभाळायचे. ही साधी शिस्त नव्हे. साक्षीभावाचा हा एक छोटा पण खरा अभ्यास आहे.

नियम कुठे संपतात हेही एका घटनेने दाखवले. २००६ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या खेळातल्या काही खेळाडूंनी प्रत्यक्ष आयुष्यात वारलेल्या आपल्या सोबतिणीसाठी खेळाच्या जगातच शोकसभा भरवली. प्रतिपक्षाच्या टोळीने हल्ला करून जमलेल्या निःशस्त्र पात्रांची कत्तल केली. सर्व्हर लढाईचा होता, जागा लढाईची होती. नियम एकही मोडला नव्हता. हल्लेखोरांचे समर्थन करणारे आजही हेच सांगतात. पण शोक सोंगांचा नव्हता, माणसांचा होता, आणि हल्लेखोरांना ते ठाऊक होते. कोकणातला शिमगा शिव्यांना मोकळीक देतो, पण सुतक असलेल्या घरी सण नसतो. ती मर्यादा सुचवायला कोणाला नियमावली लागत नाही, कारण गाव त्या घराला ओळखते. इंटरनेटवर गाव नाही, उद्या बांधावर भेट नाही, नाचाच्या गोलात धरलेला हात नाही. शक्तीतुऱ्याला जे शेजारपणाने मिळते ते तिथे कागदावर लिहावे लागते, आणि कागदात नसलेल्या जागी खेळाडूच्या विवेकावर सोडावे लागते.

एक ऋण पुष्कळदा दुर्लक्षित राहते: प्रतिपक्षाचे सोंग घेणाऱ्याचे. ६ जूनला शिवराज्याभिषेकाच्या दिवशी महाडहून नातेखिंडीतून नाते, पाचाड अशा वाटेने हजारो लोक रायगडावर जातात. त्यांत मावळ्यांच्या वेशातले तरुण असतात, गडावर दांडपट्ट्याचे आणि लाठीचे मर्दानी खेळ होतात. मावळा व्हायला सगळे तयार असतात. गनीम व्हायला मात्र फारसे कोणी पुढे येत नाही, आणि ते समजण्यासारखे आहे. तो दिवस श्रद्धेचा असतो, तिथे खेळ हे वंदन असते. पण जिथे गोष्ट रंगवायची असते तिथे कोणाला तरी गनीम व्हावेच लागते. दशावतारी नाटकात राक्षस रंगवणारा नट गावाचा लाडका असू शकतो, कारण त्याच्यावाचून देवाला अवतार घ्यायला कारणच नसते, हे प्रेक्षक जाणतात. ऑनलाइन खेळात खलपात्र चोख वठवणाऱ्याला पुष्कळदा त्याच्या खऱ्या नावावर शिव्या येतात. चांगल्या सर्व्हरांवर म्हणून लढाई संपल्यावर सोंग उतरवून दोन शब्द बोलण्याची रीत आहे: डाव छान जमला, राग नाही ना. जिंकणाऱ्याने हे आधी बोलावे हे बरे, कारण हरणाऱ्याला ते बोलणे जड जाते.

निकालाच्या बाबतीत मात्र दोन्ही परंपरा वेगळ्या वाटांनी जातात. पुष्कळ ऑनलाइन खेळांत कोणी किती मारले याचा तक्ता पडद्यावर झळकतो. शक्तीतुऱ्यात एखाद्या रात्री कोणाची सरशी झाली हे श्रोत्यांना कळते, बक्षीसही दिले जाते. पण शिव मोठा की शक्ती, हा वाद कोणत्याही रात्री निकाली निघालेला नाही. पुढच्या भाद्रपदात गणपती बसतात, चाळ पुन्हा बांधले जातात आणि पहिले पद दोन्ही पक्षांच्या त्या एकाच लेकराचे होते.