कडुनिंबाची अहिंसा

डास मारणे हे पाप आहे काय, असा प्रश्न ऐन दिवाळीत विचारला तर घरची मंडळी माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहतील. कानाशी गुणगुणणारा डास टाळीसरशी चिरडताना भल्याभल्यांचे तत्त्वज्ञान गप्प बसते. पण त्याची अळी पाहावी म्हणजे प्रश्न अवघड होतो. ती बिचारी पिंपाच्या पाण्यात उलटी लटकून शेपटीकडच्या नळीने श्वास घेत असते. तिने अजून कोणाला चावलेले नसते; तिचा नर झाला तर तो जन्मात चावणारही नसतो. तरी तिला मारावे लागते, कारण उबदार हवेत आठ-दहा दिवसांत तिचा डास होतो, आणि डेंग्यूने फणफणलेल्या पोराच्या उशाशी बसलेल्या आईपुढे हा युक्तिवाद करण्याची माझी तरी छाती नाही.

मारायचे तर आहे, पण हात स्वच्छ हवेत. म्हणून डी.डी.टी.चे नाव काढताच नाक मुरडणारे गृहस्थ निंबोळीचा अर्क म्हटले की प्रसन्न होतात. ‘नैसर्गिक’ आहे ना, मग झाले! जणू अळीला विषाचे कुळ कळते. डास होईपर्यंत तिला चार वेळा कात टाकावी लागते. निंबोळीतले अझाडिरॅक्टिन नेमका तिथेच घाव घालते. जुनी कात सुटत नाही, आणि ती कित्येकदा दिवसेंदिवस रखडत मरते. रॉकेलचा तवंग तिला याहून लवकर सोडवतो. तेव्हा दयेच्या गोष्टी आपण न केलेल्या बऱ्या.

शिवाय निसर्ग म्हणजे काही सोवळ्यातली आजीबाई नव्हे. सीताफळाच्या बियांची पूड उवा मारते, आणि डोळ्यांत गेली तर डोळेही दुखावते. गेळफळ ठेचून पाण्यात टाकले की मासे गुंगतात. शेवंतीच्या नात्यातल्या पायरेथ्रमच्या फुलांचा अर्क तर डासांइतकाच माशांनाही घातक.

कडुनिंबाचे पुण्य मला दुसरीकडेच दिसते. त्याचा अर्क उन्हात फार दिवस टिकत नाही. डी.डी.टी. मातीत वर्षानुवर्षे राहिली, माशांतून पक्ष्यांपर्यंत पोहोचली. रेचल कार्सनबाईंनी १९६२ साली ते जगापुढे मांडले. अर्थात १९५३ पासूनच्या हिवतापविरोधी मोहिमेत याच डी.डी.टी.ने आपल्याकडे असंख्य माणसे वाचवली, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. फरक एवढाच, की तिला काम संपल्यावर थांबणे ठाऊक नव्हते.

पण लवकर विरणारे औषध पुनःपुन्हा घालावे लागते, आणि तेही गटारात, डबक्यात. पिण्याच्या पाण्यात घातले तर घोट घशाखाली उतरायचा नाही. तिथे उपाय एकच सांगतात : आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करा, घासा, कोरडे करा. कोणालाही न मारता डास थोपवण्याचा हा मार्ग खरोखर निर्मळ आहे. मात्र तो ज्याच्या नळाला रोज पाणी येते त्याच्यासाठी. जिच्याकडे चार दिवसांआड तासभर पाणी येते, तिला भरले पिंप ओतून द्यायला कोणत्या तोंडाने सांगावे? ती आपली त्याच्या तोंडावर जुन्या लुगड्याचा तुकडा ताणून घट्ट बांधते, आणि रात्री पाणी आल्याची हाक कधी येते याकडे कान लावून पडते.